मरियाने धरलेला दोर

मोरदऱ्याच्या चर्चची घंटा वाजवणं सोपं आहे असं ज्याला वाटतं, त्याने एकदा तो दोर हातात घेऊन बघावा. पहिल्या ओढीला घंटा हलत नाही. दुसऱ्या ओढीला हलते, पण लोलक लागत नाही. मग नवखा माणूस जोर लावतो, आणि परतीच्या झोक्याला घंटा दोर ओरबाडून नेते. तळहाताची साल निघते. मरिया जोर लावत नाही. घंटा जाते तेव्हा हात सैल सोडते, परत यायला लागली की धरते. त्या धरण्यातच सगळं काम आहे. मी जन्मभर पहार आणि टिकाव चालवला. एवढं कळतं की बघणाऱ्याला जे काम सहज दिसतं, ते करणाऱ्याच्या हातात फार वर्षं मुरलेलं असतं.

मोरदरा हे पारनेर तालुक्यातलं डोंगराच्या खोबणीत बसलेलं गाव. वर पठारावर पवनचक्क्या फिरतात, खाली आम्ही. गावाच्या उगवतीला उंचवटा आहे, त्यावर चर्च. घंटा गोऱ्या पाद्र्यांनी बैलगाडीतून घाट चढवून आणली असं जुने लोक सांगत. ती वाजवायचं काम मरियाच्या सासऱ्याकडे होतं, त्याच्यानंतर तिचा नवरा शलमोन. शलमोन गेला त्या दिवशी पंचाईत झाली. मयताचे टोले द्यायचे कोणी? गावात दुसऱ्या कोणाला येत नव्हते. प्रेताशेजारी बसलेली मरिया उठली, पदर खोचला आणि चर्चकडे चालू लागली. नवऱ्याचे टोले तिने स्वतः दिले. एकही टोला लवकर पडला नाही, एकही उशिरा पडला नाही. मी तेव्हा कबर खणत होतो. हात थांबवून ऐकत राहिलो. तेव्हापासून घंटा तिच्याकडे आहे.

रविवारची घंटा खळखळून वाजते. मयताची वेगळी. एक टोला द्यायचा. तो पार विरेपर्यंत थांबायचं. मग दुसरा. हे टोले पडले की मोरदऱ्यात सगळं थांबतं. गिरणीवाला पट्टा काढतो. पंप बंद होतात. लग्नघरातला स्पीकरसुद्धा गप होतो. ख्रिस्ती असो, मराठा असो, धनगर असो, सगळी घरं हे पाळतात. आणि बाप्ये हातात फावडं-टिकाव घेऊन चर्चकडे निघतात, कारण आमची जमीन म्हणजे खडक. कबर एक-दोघांच्या हातची नाही. मी जय भीमवाला, पण गेल्या कित्येक वर्षांत त्या कबरस्तानात पहिली पहार माझीच लागत आली आहे. आमच्याकडे त्याचं कोणाला नवल नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण मरियाच्या हातून जी चूक झाली ती यातूनच झाली.

मरियाचा मुलगा जस्टिन केडगावला टेम्पो चालवतो. त्याची बायको लवकर वारली. मुलगी एंजेला मरियाजवळच वाढली. हुशार. नगरला नर्सिंग शिकली, तिथेच एका दवाखान्यात लागली, आणि ड्यूटी करून जर्मन भाषा शिकली. जर्मनीत नर्सेस पाहिजेत असं कळलं होतं. लेखी परीक्षा पास झाली. आता तिथल्या दवाखान्याची माणसं मोबाईलवरच्या व्हिडिओ फोनसारखी समोरासमोर, पण कॉम्प्युटरवर, तिची मुलाखत घेणार होती. एकदाच. त्यात बोलणं जमलं नाही तर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं, आणि पुढच्या वर्षी बोलावतीलच याची खात्री नाही.

मुलाखत नगरहून द्यायची असं तिचं ठरलं होतं. दोन दिवस आधी ती आजीला भेटायला गावी आली आणि अडकली.

अडकली ती घाटामुळे. घाटाचा रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. दिवसभर सुरुंग, त्यामुळे सकाळी घाट बंद व्हायचा तो संध्याकाळी उघडायचा. पठारावर जाणारी पायवाटही बंद. त्याच कामात पोकलेनच्या दातात टेलिफोनची केबल आली आणि तुटली. ती केबल ज्या चरात पुरली होती, तो चर आमच्या टोळीने खणलेला. घाटातला काळा पाषाण. पहार मारली की हात मनगटापर्यंत झिणझिणायचा. एवढं खणून आत काय घातलं, तर केसाएवढी काचेची तार. साहेब म्हणाला होता, या एका तारेतून अख्ख्या तालुक्याचं बोलणं जाईल. आम्ही हसलो होतो. पुढे ते खरं झालेलं बघितलं, तेव्हा हसू आलं नाही.

तार तुटल्यावर कंपनीने पठारावर एक डिश बसवली आणि तिच्यासमोर आमच्या टॉवरवर दुसरी. तेव्हापासून गावाचं सगळं बोलणं, सगळे फोटो, सगळे व्हिडिओ त्या दोन डिशमधल्या हवेतल्या वाटेने जात होते. वाट होती, पण अरुंद. मोबाईलवर रेंज फुल दिसायची आणि चित्र मात्र गोल गोल फिरत बसायचं. लोक टॉवरला शिव्या द्यायचे. टॉवर काय करील? बोळातून एका वेळी एकच बैलगाडी जाते. सगळ्यांनी एकदम घातल्या तर सगळ्याच अडकणार.

ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मोबाईलवर निरोप आला. तो आदल्या दिवशीच पाठवलेला होता. आमच्या बोळात रात्रभर अडकून सकाळी पोचला. मुलाखत उद्याऐवजी आज. दुपारी.

घाट बंद झाला होता. पोरीचा चेहरा उतरला. चर्चचे पाळकसाहेब घाटापलीकडे अडकलेले, चर्चमधल्या त्यांच्या खोलीची किल्ली मरियाकडे. चर्च उंचावर असल्याने तिथे त्यातल्या त्यात बरं चालतं. एंजेलाने लॅपटॉप तिथे मांडला, मैत्रिणीला व्हिडिओ फोन लावून बघितला. मैत्रिणीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. हलेना.

मरिया दारात उभी राहून बघत होती. तिच्याकडे बटणांचा फोन. त्यावर फक्त बोलणं होतं. तिने विचारलं, "ही का थांबली?"

"आजी, सगळं गाव आत्ता नेटवर आहे. जागाच नाही."

"मंग गाव थांबलं तर?"

"गाव कसं थांबेल?"

मरिया बाहेर आली. हे सगळं मला तिने नंतर सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, माज्या डोक्यात एकच आलं. गाव थांबतं ते एकाच गोष्टीला थांबतं."

तिने दोर धरला आणि मयताचे टोले दिले.

मी भाकरी खात होतो. पहिला टोला पडला. गिरणी थांबली. पंप थांबले. तिचा हिशोब तिथपर्यंत बरोबर होता. दुसरा टोला पडला, आणि मी घास ताटात ठेवला, पहार घेतली, बाहेर पडलो. आणि मग जे दिसलं ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं, माझ्याही नव्हतं. गल्लीत, ओट्यावर, दारात, जो तो एक हात कमरेला लावून दुसऱ्या हाताने मोबाईल कानाला लावून उभा होता. "कोण गेलं? हॅलो? ऐकू येतंय का? कोण गेलं?" कोणी ग्रुपवर लिहीत होतं, कोणी पुण्याला बहिणीला कळवत होतं, आणि ती बहीण उलट फोन करत होती. ज्यांचे मोबाईल दिवसभर उशाला पडून असायचे, त्यांनीही ते उघडले. त्या बोळात कधी नव्हत्या एवढ्या गाड्या एकदम घुसल्या.

मी चर्चपाशी पोचलो तेव्हा एंजेला खोलीतून धावत बाहेर येत होती. "आजी, काय केलंस गं हे! होतं नव्हतं ते पण गेलं!"

मरियाच्या हातात दोर तसाच. तोंड पांढरं पडलेलं.

उंचवट्यावर गाव जमायला लागलं. फावडी, टिकाव, घमेली. माझ्या वयाचे दोघेतिघे सरळ कबरस्तानाकडे वळून जागा बघायला लागले. "मापं सांगा," एकाने ओरडून विचारलं. मापं सांगणार कोणाची?

एवढ्यात सूर्यभान आला. सूर्यभान म्हणजे गावच्या दूध डेरीचा मालक, एके काळचा सरपंच. अंगाने जाड. पळत आल्याने धापा टाकत होता, डोळे लाल. त्याचं असं झालं होतं की टोले ऐकून गावाने आपल्या मनानेच ठरवलं, सूर्यभानची आई गोजरबाई गेली. नव्वदीची बाई, थंडीपासून अंथरुणाला लागलेली. बायका परस्पर त्याच्या घरी पोचल्या होत्या. सूर्यभानने डेरीवरून घरी फोन लावला तर लागेना. पुण्याच्या बहिणीचा मात्र लागला. ती रडत रडत गाडीत बसलीसुद्धा.

"कोन मेलं?" सूर्यभान ओरडला. "घरी जाऊन बघतो तर आई भाकर कुस्करून खातीय! मंग मेलं कोन?"

मरिया म्हणाली, "कोनी न्हाई."

कबरस्तानाकडे वळलेले मागे फिरले.

"कोनी न्हाई गेलं. माजी एंजेला जायची हाय. परदेशात. तिची मुलाखत हाय आत्ता आन् नेटला जागा न्हाई. मला वाटलं, टोले दिले की गाव थांबंल. तुमी समदे बोलायला लागाल हे माज्या ध्यानात आलं न्हाई. चुकलं माजं."

कोणीतरी हातातलं फावडं जमिनीवर आपटलं. कोणीतरी हसलं. सूर्यभान मात्र पुढे आला. "तुज्या नातीसाठी तू माजी आई मारली व्हय? ही घंटा गावाची हाय का तुज्या घरची?"

"गावाची."

"मंग?"

मरियाने मान खाली घातली नाही. "शलमोनच्या वक्ताला सोडून मी ही घंटा कंदी घरच्यासाठी वाजवली न्हाई. आज वाजवली. तू म्हनशील ते ऐकून घीन. पन ते उद्या. आज येळ न्हाई."

गर्दीच्या मागून काठीचा आवाज आला. लोक बाजूला झाले. दोन बायकांच्या खांद्यावर हात टाकून गोजरबाई चढ चढून आली होती. थंडीपासून जी उंबऱ्याबाहेर आली नव्हती, ती.

"कोन म्हनलं मी गेले?" तिने विचारलं. "माज्याच घरात माज्याच चुलीवर बायांनी माज्या मयताचा च्या ठेवलाय. साखर कमी घातलीय."

आता मात्र सगळे हसले. मरियासुद्धा तोंडाला पदर लावून हसली. गोजरबाईने लेकाकडे काठी रोखली. "आन् तू कशाला वरडतो? मला मारलीच हाय, तर निदान पोरीचं काम तरी होऊ दे. मरिया, काय करायचं सांग."

काय करायचं ते स्नेहलने सांगितलं. स्नेहल ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर बघते. ती म्हणाली, "मोबाईल नुसता खिशात ठेवून भागायचं नाही. आतल्या आत तो काहीतरी ओढत असतो. पूर्ण बंद करायचा. घरी चार्जिंगला लावलेले पण. टीव्हीला नेट असेल तर ते पण."

"आमी रिचार्ज मारलाय त्याचं काय?" मागून एक तरुण म्हणाला. "फुकट न्हाई वापरत."

"गाडी तुजी हाय रं," मरिया म्हणाली. "रस्ता तुज्या एकट्याचा हाय का?"

ती आत गेली आणि दानाची पिशवी घेऊन आली. चर्चमध्ये उपासनेच्या वेळी दान गोळा करतात ती. लाल मखमलीची, लाकडी दांड्याची. दोन पिशव्या होत्या. एक तिने स्वतः धरली, एक स्नेहलला दिली. आधी स्वतःचा बटणांचा फोन बंद करून टाकला. त्याने बोळात काही फरक पडणार नव्हता. पण दान मागणाऱ्याने आधी द्यायचं, हा त्यांचा रिवाज.

मग ती पिशवी घेऊन माणसांपुढून चालत गेली. रविवारी ख्रिस्ती माणसं बाकावर बसून जशी मुठी झाकून दान टाकतात, तसा एकेक जण मोबाईल बंद करून पिशवीत सोडत होता. मराठे, धनगर, आम्ही, सगळे. रिचार्जवाला तरुण पुढे आला, शेवटचं एकदा मोबाईलकडे बघितलं, आणि टाकला. बायका घरी जाऊन तिथले बंद करून परत आल्या. कोणी कुलूप लावलं नव्हतं, कोणी नाव लिहून घेतलं नव्हतं. पिशवीला वजन आलं तशी मरियाने ती दोन्ही हातांनी धरली.

पिशवी गोजरबाईपुढे आली. ती म्हणाली, "माज्याकडं मोबाईल न्हाई. मी काय टाकू?"

"तुमी तेवढ्या गप ऱ्हावा, आत्याबाई," मरिया म्हणाली. "तेच लई मोठं दान हाय."

सूर्यभानने आपले दोन्ही मोबाईल टाकले.

आत एंजेलाने लॅपटॉप उघडला. खिडकी उघडी होती, कारण आवाज नको म्हणून पंखा बंद केला होता. आम्ही बाहेर चिंचेच्या सावलीत जमिनीवर बसलो. फावडी आडवी ठेवली. आतून एका बाईचा आवाज आला. परका, स्वच्छ, जणू पलीकडच्या खोलीतूनच बोलतेय. एंजेला त्या भाषेत बोलायला लागली. एक शब्द कळला नाही. पण पोरगी घाबरलेली नाही हे कळत होतं.

तेव्हा वारा सुटला.

पठारावरचा वारा दुपारी असा अचानक खाली उतरतो. घंटा नेमकी पाळकांच्या खोलीच्या वर. दोर बांधायची खुंटी पावसाळ्यात मोडली होती. एरवी वाऱ्याने एखादा टोला पडला तरी कोणी लक्ष देत नाही. पण आत माईक होता, आणि ही घंटा खोलीच्या डोक्यावर वाजली की काय ऐकू येतं ते मला माहीत आहे. काहीच ऐकू येत नाही.

मरियाने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, उठली आणि दोर धरला.

मी तिला आयुष्यभर घंटा वाजवताना बघितलं. न वाजू देताना पहिल्यांदा बघत होतो. वाजवताना हात सैल सोडता येतो. धरून ठेवताना सोडता येत नाही. घंटा मोठी, वारा झोताने येणारा, आणि दोर ताठ ठेवायचा. थोडा ढिला पडला तरी घंटा झोका घेणार. तिने एक पाय चौथऱ्याच्या दगडाला टेकवला, अंगाचं वजन मागे टाकलं, आणि उभी राहिली. मी उठून मदतीला जायला लागलो. तिने मानेनेच नको म्हटलं. बरोबर होतं. दोन माणसांचे हात एका दोरावर एका तालात येत नाहीत.

मग आतला आवाज तुटला.

एंजेला म्हणाली, "हॅलो?" मग जर्मनमध्ये काहीतरी. पुन्हा "हॅलो?" त्या बाईचा आवाज अर्धा आला, मध्येच थांबला, पुन्हा अर्धा आला.

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. जो तो खिसे चाचपत होता. स्नेहल खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाली, "अजून काहीतरी चालू आहे. मोठं काहीतरी. सारखं पाठवत राहणारं."

मग एकेक नजर वळत वळत सूर्यभानवर गेली. तो जमिनीकडे बघत होता.

"कॅमेरे," स्नेहल म्हणाली. "दादा, डेरीचे कॅमेरे. ते रात्रंदिवस नेटवरून चित्र पाठवतात."

"ते बंद करता यायचे न्हाईत," सूर्यभान पुटपुटला. "सकाळचं समदं दूध आत पडलंय. डेरी उघडी टाकून आलो मी पळत. मागल्या वक्ताला चोरी झालीती."

"आज चोर कुठून येईल? समदं गाव हितं बसलंय," कोणीतरी कुजबुजलं.

"मला माहीत हाय चोर कुठून येत्यात ते."

आतून एंजेलाचा आवाज. आता त्यात घाबरणं होतं. सगळ्यांनी मरियाकडे बघितलं. ती बोलेल असं वाटलं. पण वाऱ्याचा झोत आला होता, आणि ती सगळी ताकद दोरावर टाकून उभी होती. डोळे मिटलेले. मनगटावरच्या शिरा दिसत होत्या. सूर्यभाननेही बघितलं. किती वेळ बघितलं ते सांगता येणार नाही.

मग तो उठला. चपला तिथेच राहिल्या. तो जाडा माणूस उताराने धोतर सावरत पळत सुटला. मघाशी वर आला होता त्याहून जोरात.

थोड्या वेळाने आतला आवाज जुळला. आधी ती बाई अडखळली, मग सरळ बोलायला लागली. एंजेला बोलायला लागली. ती भाषा खडबडीत आहे असं ऐकून होतो, पण तिच्या तोंडून ती वाहत होती. एकदा ती बाई हसली. मोकळं हसू. समुद्रापलीकडून, डोंगरापलीकडून, पठारावरच्या डिशमधून, आमच्या अरुंद बोळातून ते हसू आलं, आणि खिडकीतून बाहेर चिंचेखाली पसरलं. आम्हाला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण बसल्या बसल्या सगळ्यांच्या तोंडावर हसू आलं. गोजरबाईच्यासुद्धा. ती दिलेल्या शब्दाप्रमाणे गप्प होती.

मी माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं. लाल मखमल फुगलेली, आत निम्म्या गावाचे मोबाईल, एकही उजेड नाही, आवाज नाही. घाटात तार पुरताना मी तारेचंच नवल केलं होतं. या दिवशी कळलं की तार असो की हवा, तिच्यातून जाणारं बोलणं माणसांनी वाट सोडली तरच जातं. एवढी माणसं एकदम वाट सोडताना मी त्याआधी फक्त मयताला बघितली होती.

मुलाखत संपली. एंजेला दारात आली आणि आम्हाला सगळ्यांना तसं बसलेलं बघून उंबऱ्यातच थांबली. फक्त मान हलवली. झालं. तेव्हा मरियाने दोर सोडला. घंटेने एक झोका घेतला आणि एक टोला पडला. मोठा, मोकळा. कोणी मोबाईल शोधला नाही.

पिशवीतले फोन वाटताना गोंधळ झाला, कारण निम्मे सारखेच दिसत होते. ज्याने त्याने चालू केले तसे ते एकदम किणकिणायला लागले. पुण्यात, नगरमध्ये, केडगावला सगळ्या नातेवाइकांची खात्री झाली होती की मोरदऱ्यात काहीतरी भयंकर झालं, सगळं गाव बंद आहे.

मी सूर्यभानच्या चपला घेऊन डेरीवर गेलो. तो दारात दुधाचा कॅन पालथा घालून त्यावर बसला होता, उन्हात. आत वायरी उपटलेल्या. मी म्हटलं, "झालं. चांगलं झालं." तो म्हणाला, "मी हितंच बसलो. कॅमेऱ्याच्या जागी." चपला पायात घालत त्याने विचारलं, "तिचा हात कसा हाय?"

हात सोलला होता. दोन्ही तळवे. ज्या बाईने इतकी वर्षं साल न काढता घंटा वाजवली, तिची साल घंटा न वाजवल्याने निघाली. स्नेहल हळद लावत होती आणि मरिया म्हणत होती, राहू दे गं.

संध्याकाळी घाट उघडल्यावर सूर्यभानची बहीण रडत रडत पोचली. गोजरबाई दारात बसून वाट बघत होती. "मरिया देवाचं मानूस," ती म्हणाली. "तिनं टोले दिल्याबिगर ही पोरगी माहेरी आली नसती."

एंजेलाची निवड झाल्याचा निरोप आला तेव्हा पाऊस लागला होता. ती गेली. केबल पुढे जोडली गेली. मी मुद्दाम जोड बघायला घाटात गेलो. काम बरं केलं होतं, चर मात्र आमच्यापेक्षा उथळ. आता बोळाचा रस्ता झाला आहे आणि व्हिडिओ फिरत बसत नाहीत. चर्चमध्ये नवीन खुंटीही ठोकली आहे. ती सूर्यभानने ठोकली.

रविवारी उपासना सुटली की एंजेलाचा व्हिडिओ फोन येतो, स्नेहलच्या मोबाईलवर. बर्फ दाखवते. सगळे वाकून बघतात. मरियाची पाळी आली की ती मोबाईल दोन्ही हातांनी धरते, जरा लांब, पिशवी धरली होती तसा.

"दिसती. जेवली का? बरं हाय ना? ठेव मंग."

"आजी, अगं थांब. आता नेट जोरात आहे. कितीही वेळ बोल."

"जोरात हाय म्हनून काय झालं? मागं मानसं हायेत."

आणि ती मोबाईल परत देते. परवा मी तिथेच होतो. फोन चालूच होता, एंजेला पलीकडून हाका मारत होती. वारा सुटला होता. मरिया उठली, आणि नव्या खुंटीला बांधलेला दोर ताठ आहे की नाही ते हाताने धरून बघून आली.